फटफटीवरची बिनबाह्यांची बंडी

आमच्या घरात फटफटी आली ती माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात. पन्नास सालानंतरचे ते दिवस. आम्ही चिंचवड गावात राहायचो. गाव आणि स्टेशन यांच्यामध्ये तेव्हा जोंधळ्याची शेतं होती आणि पिंपरीला नुकतेच कारखाने उभे राहू लागले होते. आमचे हे एका वीज ठेकेदाराकडे लाईन इन्स्पेक्टर होते. भोसरी, मोशी, चाकण या बाजूच्या गावांना वीज द्यायची म्हणून खांब पुरायचं काम चाललेलं. खांब सरळ उभा आहे की कलला आहे, तार ताणलीय की लोंबतेय, हे बघत त्यांनी दिवसभर हिंडायचं. आधी ते सायकलवरून हिंडायचे. मग ठेकेदाराचे जे मॅनेजर होते, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत, त्यांनी लष्कराच्या लिलावातून एक जुनी फटफटी घेतली आणि ह्यांच्या हवाली केली.

हिरवट रंगाची, म्हशीएवढी ती गाडी अंगणात उभी राहिली तेव्हा सासूबाईंनी तिला हळदकुंकू वाहिलं आणि नारळ फोडला. ती चालू व्हायला मात्र नारळ पुरेसा नव्हता. हे लाथा मारून मारून दमायचे, मग धाकटे दीर मारायचे, मग रस्त्याने जाणारा कुणीतरी आपण होऊन दोन मारून बघायचा. अखेर ती सुरू झाली की सगळी आळी हादरायची. सासूबाई म्हणायच्या, "बैल परवडला. त्यो निदान सांगून हंबरतो."

गाडीचा त्रास सोसवला असता, पण वारा सोसवेना. पहाटे निघून भोसरीच्या माळावरून चाकणकडे जायचं म्हणजे छातीत थेट गार वारा. सायकलवर पाय मारून अंग तापायचं. इथे नुसतं बसून राहायचं आणि वारा खायचा. पंधरा दिवसांत ह्यांना असा खोकला लागला की घरात कुणाला झोप लागेना. सासूबाईंनी आडुळशाचा काढा दिला, छातीला तेल चोळलं, वाफारा दिला. हे सदऱ्याच्या आत वर्तमानपत्राच्या घड्या घालून जाऊ लागले. संध्याकाळी सदरा काढला की गंजीफ्रॉकवर मुख्यमंत्र्यांचं भाषण उलटं उमटलेलं असायचं. मी धुवायला बसले की भाषण आधी निघायचं नाही आणि निघालं की गंजीफ्रॉकही निघायचा.

एका रविवारी आम्ही दोघं पिंपरीच्या कॅम्पात गेलो. फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांची ती वसाहत. तिथे एका दुकानात लष्कराचा टाकाऊ माल विकायला असायचा. घमेली, तंबूचं कापड, पाण्याच्या बाटल्या, जड जड बूट. दुकानदार गोरापान, गोड बोलणारा माणूस होता. आपलं सगळं मागे ठेवून आला होता, आणि इथे उघड्यावर चार फळ्या मांडून पुन्हा उभा राहत होता. ह्यांनी छाती झाकेल असा कोट मागितला. त्याने गठ्ठ्याच्या तळातून एक चामड्याचा तपकिरी कोट काढला. माल अस्सल होता, शिवण हत्तीने ओढली तरी उसवली नसती. फक्त एक गोष्ट होती. त्याला एकच धड बाही होती. डावी बाही कोपरापासून खाली नव्हतीच, आणि वर जी होती तिच्या झिरमिळ्या झाल्या होत्या.

"हे काय झालं हिला?" मी विचारलं.

दुकानदार गंभीर झाला. म्हणाला, "बहेनजी, ये बडे अफसर का कोट आहे. लडाई में गोली लागली हाथ को. डॉक्टर ने कैची चलाई."

मी ती बाही उजेडात धरली. कडेला बारीक बारीक दातांच्या खुणा होत्या, आणि खिशात जुन्या लेंड्या होत्या. डॉक्टर मोठा असेल तर फार तर वीतभर असावा. पण ह्यांनी तोवर कोट अंगात घातला होता आणि दुकानाबाहेर जाऊन वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले होते. "छातीला काही लागत नाही," ते म्हणाले. कोट घेतला.

घरी आल्यावर सासूबाईंनी चामडं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. मग मी ओसरीवर बसले. माझ्याकडे हाताने फिरवायचं शिवणयंत्र होतं, पण त्याची सुई चामड्याला टेकताच मोडली. मग पोती शिवायचं दाभण आणि मेण लावलेला दोरा घेतला. आधी विचार केला, कुरतडलेल्या बाहीला दुसऱ्या कातड्याचा तुकडा जोडावा. पण तसं चामडं मिळेना. एक बाही ठेवून एक काढली तर माणूस अपघातातून उठल्यासारखा दिसतो. म्हणून मी दोन्ही बाह्या खांद्यापासून कापल्या, कडा आत दुमडून टिपल्या आणि आतून जुन्या कांबळ्याचं अस्तर लावलं. झाली बंडी. वजन एवढं की ह्यांनी ती घातली की पहिले दोन दिवस चालताना ते किंचित पुढे झुकायचे.

खोकला मात्र आठवड्यात थांबला. तिथेच ही गोष्ट संपायला हरकत नव्हती.

पण माणसाने काही वेगळं अंगात घातलं की लोक कारण विचारतात. पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर स्टेशनजवळ एका चिंचेखाली एक मुसलमान मिस्त्री मोटारी दुरुस्त करायचे. गाडीमुळे ह्यांचं तिथे रोजचं जाणं. त्यांनी पहिल्याच दिवशी बंडी खालीवर न्याहाळली आणि विचारलं, "काय राव, बाह्या कुठे विसरलात?"

हे घरी मोकळे असायचे, पण बाहेर त्यांना इन्स्पेक्टर असल्याची जाणीव असायची. उंदरांनी खाल्ल्या असं त्यांच्याने सांगवेना. ते म्हणाले, "मिस्त्री, ही बंडी अशीच असते. फटफटी हातांनी चालते. हात मोकळे नकोत का?"

मिस्त्रींनी जरा विचार केला. ते हुशार गृहस्थ होते, आणि हुशार माणसाला दुसऱ्याने सांगितलेल्या कारणात भर घातल्याशिवाय राहवत नाही. "बरोबर आहे," ते म्हणाले. "बाहीत वारा भरला की गाडी ओढते. मी पाहिलंय." त्यांनी ते कुठे पाहिलं होतं हे त्यांना कुणी विचारलं नाही. त्या दिवसापासून चिंचेखाली येणाऱ्या प्रत्येक फटफटीवाल्याला ते सांगू लागले की बाही असेल तर गाडी डावीकडे ओढते. ज्यांची गाडी खरंच डावीकडे ओढत होती त्यांना फार बरं वाटलं.

महिनाभरात हे कारण साहेबांपर्यंत गेलं. साहेबांकडे स्वतःची लाल फटफटी होती आणि मुंबईहून आणलेला, अगदी नवाकोरा, पूर्ण बाह्यांचा चामडी कोट होता. त्यांनी ह्यांना ऑफिसात बोलावलं. संध्याकाळी हे घरी आले तेव्हा चेहरा उतरला होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"साहेबांनी बंडी मागून घेतली, उलटीसुलटी करून पाहिली. मग मला वाऱ्याच्या दाबाविषयी समजावून सांगितलं."

"मग?"

"मग शिपायाकडून कात्री मागवली."

"कुणाच्या कोटाला?"

"स्वतःच्या," हे म्हणाले आणि पाट ओढून जेवायला बसले. जेवताना एकदा म्हणाले, "मी थांबवायला हवं होतं का गं?" मी म्हटलं, "काय सांगून थांबवणार होतात?" त्यांनी आमटी मागितली.

साहेबांनी घातलं म्हटल्यावर बाकीच्यांना घालणं भागच होतं. कॅम्पातल्या दुकानदाराकडे माणसं बिनबाह्यांचा कोट मागायला येऊ लागली. त्याच्याकडे बिनबाह्यांचा कोट असणार कुठून? जे होते त्यांना बाह्या होत्या. तो बिचारा बसून बाह्या कापायचा, आणि कापण्याच्या मेहनतीमुळे बंडी कोटापेक्षा महाग विकायचा. मी एकदा बटणं घ्यायला गेले तेव्हा त्याने मला बसायला खोकं दिलं, सरबत दिलं आणि म्हणाला, "बहेनजी, आपका बहोत उपकार आहे." कापलेल्या बाह्यांचा ढीग त्याच्या मागे पडला होता. त्याही वाया गेल्या नाहीत. मोशीच्या बाजूला शेरडं राखणारी माणसं त्या पायांत चढवून, वर सुतळीने बांधून बाभळीच्या काट्यांतून फिरताना मी पाहिली आहेत. त्या सगळ्या प्रकरणात बाह्यांचा उपयोग नीट कुणाला कळला असेल तर त्यांनाच.

आमच्या शेजारी शाळेचे हेडमास्तर राहत. त्यांच्याकडे सायकलसुद्धा नव्हती, पण गावात चार माणसं एकत्र आली की पाचवे ते असायचेच आणि अध्यक्षही तेच व्हायचे. त्यांच्या कानावर हात मोकळे ठेवण्याचं शास्त्र गेलं तेव्हा ते आमच्या ओसरीवर येऊन बसले.

"हे इंग्रजांचं नाही," ते ह्यांना म्हणाले. "हे आपलं आहे. आपल्या मावळ्यांच्या अंगात काय असायचं? बंडी. बाही असायची का? नसायची. का? तलवार फिरवायची म्हणून. इंग्रजाने ते पाहिलं आणि उचललं."

"पण मास्तर," हे म्हणाले, "मावळे फटफटीवर नव्हते."

"घोड्यावर होते. वारा तोच."

मी आत चहा गाळत होते. सासूबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मास्तर काय म्हनत्यात?"

"आपली बंडी मावळ्यांची आहे म्हणतात."

"आगं, ती तर तू शिवलीस."

"हो, पण ते त्यांना कसं सांगायचं?"

सासूबाईंनी चहात साखर जरा जास्त घातली. माणूस शहाण्यासारखं बोलत नसला की त्याला गोड चहा द्यायचा, अशी त्यांची रीत होती.

मास्तरांच्या पुढाकाराने मग मोटरसायकल मंडळ निघालं. चिंचवड, आकुर्डी, भोसरीकडचे फटफटीवाले, त्यात साहेब, मिस्त्री आणि आमचे हे. अध्यक्ष अर्थात मास्तर. पहिला नियम बंडीचा झाला. मंडळाच्या कामाला येताना बंडी हवीच, आणि दंड उघडे हवेत, म्हणजे आतला सदराही अर्ध्या बाह्यांचा. दुसरा नियम काय असावा यावर एकमत झालं नाही. त्याआधी पाठीवरच्या खुणेची चर्चा निघाली. इतके लोक एका वेषात गेल्यावर ते कोण आहेत हे मागून येणाऱ्याला कळायला नको का, असा मास्तरांचा मुद्दा. खरं म्हणजे त्यांच्या मागून येणारे फक्त सायकलवाले आणि बैलगाडीवाले होते, आणि ते या सगळ्यांना नावानिशी ओळखत होते.

बैठक आमच्याच घरी झाली. मास्तरांना ढाल हवी होती. साहेबांना वीज चमकलेली हवी होती, कारण त्यांचा धंदा विजेचा. मिस्त्री म्हणाले, "फटफटीवर बसतो, तर चाक काढा ना. ढालीवर कोण बसतं?" बराच वेळ कुणी मागे हटेना. चहा दोनदा झाला. शेवटी ठरलं की ढालीत चाक आणि चाकावर वीज असं तिन्ही घालायचं. आणि ते कुणी करायचं यावर मात्र एका क्षणात एकमत झालं. सगळ्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं.

मी पिवळ्या फ्लॅनेलच्या गोल चकत्या कापल्या, त्यांवर लाल लोकरीने काम केलं आणि प्रत्येकाच्या पाठीवर दाभणाने बसवल्या. भरतकाम माझं वाईट नाही. पण ढाल, चाक आणि वीज यांना एकमेकांत बसवलं की जे होतं ते झालं. पहिली बंडी तयार झाल्यावर मी ती सासूबाईंना दाखवली.

त्यांनी लांब धरून पाहिली. "भाकरी हाय का?"

"ढाल आहे."

"आन् ह्यो तिच्यावर कोयता?"

"वीज आहे, आत्याबाई."

"व्हय व्हय," त्या म्हणाल्या. "वीज. दिसतीया की." आणि तोंडाला पदर लावून आत गेल्या.

पौषात मोशीला वीज यायची ठरली. साहेबांनी समारंभ करायचा घाट घातला. चावडीपुढे मांडव, खुर्च्या, कंदील आणि एक बल्ब. दिवस मावळला की मोठ्या पाहुण्याने बटण दाबायचं, बल्ब लागायचा, आणि त्याआधी मंडळाने ओळीने फटफट्यांवरून गावात यायचं. आम्हा बायकांना खांब वाहायच्या ट्रकमधून नेलं. ट्रकमध्ये सतरंजी टाकली होती, पण खांबांचं डांबर सतरंजीतून वर आलं आणि माझ्या लग्नातल्या शालूला लागलं. मी ह्यांना ते बरेच दिवस सांगितलं नाही.

मंडळ तिसऱ्या प्रहरी आलं. ऊन होतं, अंगावर जाड चामडं होतं, त्यामुळे सगळे घामाने भिजलेले. भोसरीचे एक गृहस्थ वाटेतच गाडी ढकलत होते, ते नंतर पोचले. तरीही गावातली पोरं धावत आली, कुत्री पळाली, म्हाताऱ्या दाराशी आल्या. मोशीची माणसं भली. त्यांनी प्रत्येकाला टोपी-उपरणं दिलं आणि मंडळाला मांडवात पुढे बसवलं.

मोठे पाहुणे यायला उशीर झाला. ऊन उतरलं. मग सूर्यही गेला. नदीवरून गार वारा सुटला आणि मांडवाच्या कनाती फडफडू लागल्या. मी बायकांत बसले होते तिथून मंडळ समोरच दिसत होतं. आधी मिस्त्रींनी हाताची घडी घातली. मग हळूच एकेक पंजा बंडीखाली काखेत सरकवला. मग ह्यांनी. मग एकेक करून सगळ्यांनी. साहेबांनी बराच वेळ धीर धरला, त्यांच्या दंडावर काटा आलेला लांबून दिसत होता, पण शेवटी त्यांचेही हात काखेत गेले. तसे ते सगळे ओळीने, हाताची घडी, मान ताठ, ओठ घट्ट मिटून बसले. मास्तर लोकरीचा पूर्ण बाह्यांचा कोट घालून अध्यक्षाच्या खुर्चीत होते. त्यांना फटफटी नसल्यामुळे बंडीची सक्ती नव्हती.

माझ्या शेजारी मोशीची एक म्हातारी बसली होती. तिने बराच वेळ पाहिलं आणि मला विचारलं, "बाय, ही मान्सं रागावली हाईत का?"

"नाही. थंडी वाजतेय त्यांना."

"मग कोटाला बाह्या का न्हाईत?"

इतके दिवस हे मला कुणी विचारलंच नव्हतं. बंडी कुणी शिवली ते सगळ्यांना माहीत होतं, पण तिचं कारण सगळे एकमेकांना सांगत होते. मी तिला खरं ते सांगितलं. "आजी, पहिल्या कोटाची एक बाही उंदरांनी खाल्ली होती. मग मी दुसरी कापली. बाकीच्यांनी बघून कापल्या."

म्हातारी हसली नाही. तिने गंभीरपणे मान हलवली. "मग बरंच झालं म्हनायचं," ती म्हणाली. "उंदरांनी पाठ खाल्ली असती तर?"

मी तोंडात पदराचा बोळा कोंबला. तेवढ्यात पाहुणे आले, भाषणं सुरू झाली. साहेब बोलायला उठले तेव्हा त्यांना काखेतून हात काढावे लागले. वाऱ्याच्या दाबावर ते थोडं बोलले, आणि बोलता बोलता त्यांचे दात वाजू लागले. लोकांना वाटलं, साहेब गावावरच्या मायेने सद्गदित झाले आहेत. टाळ्या पडल्या. मग बटण दाबलं आणि बल्ब लागला. चावडीची भिंत, माणसांचे चेहरे, कोपऱ्यातली बैलगाडी, सगळं एकदम पिवळं उजळलं. त्या वेळी मला ह्यांच्याकडे पाहून बरं वाटलं. वर्षभर पहाटे उठून, खोकत, तारा बघत ते जे हिंडले होते ते याच्यासाठी होतं, आणि ते भाषणांत कुठेच आलं नव्हतं.

परत निघायच्या वेळी कळलं की पाहुण्यांच्या मोटारीला रस्ता दाखवायला ट्रक चाकणकडे गेला आहे. बाकीच्या बायकांना मोशीत मुक्काम चालणार होता. मला नव्हता चालणार, धाकटे दीर परगावी गेले होते आणि सासूबाई घरी एकट्या होत्या. हे फटफटीजवळ उभे होते. म्हणाले, "बसतेस मागे?"

मी त्या गाडीला रोज पुसत होते, पण तिच्यावर कधी बसले नव्हते. आमच्यात कुणीच बायका बसत नव्हत्या. मी बसले, दोन्ही पाय एका बाजूला घेऊन, मागची सळई धरून. ह्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग बंडी काढली आणि माझ्यापुढे धरली.

मास्तर तिथेच साहेबांच्या गाडीवर मागे बसत होते. ते म्हणाले, "अहो, मंडळाची बंडी आहे ती. नियमाप्रमाणे..."

"मास्तर," हे म्हणाले, "तिला गारठा लागेल." एवढंच. मग मोशीकरांनी दिलेलं उपरणं छातीवर आडवं बांधून त्यांनी गाडीला लाथ मारली, आणि ती त्या दिवशी पहिल्याच लाथेला सुरू झाली.

शालूवर ती जड बंडी, पाठीवर माझीच भाकरी आणि कोयता. गाव सुटलं तसा वारा समोरून आला. मला वाटलं होतं श्वास कोंडेल. पण छातीशी काहीच लागलं नाही. वारा येऊन चामड्यावर आपटत होता आणि बाजूने निघून जात होता. आत कांबळं ऊबदार, थोडं टोचणारं, ह्यांच्या घामाचा आणि तेलाचा वास असलेलं. कोपरांपासून खाली मात्र माझे हात बर्फ झाले होते. बांगड्या इतक्या गार की त्या टेकतील तिथे चटका बसावा.

स्टेशनच्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी जायची होती. ह्यांनी गाडी बंद केली. डबे एकेक करून पुढून जात होते.

"छातीला खरंच काही लागत नाही," मी म्हटलं.

"नाही ना?" ह्यांना आनंद झाला.

"पण हात फार गारठतात."

ह्यांनी हँडलवरचे पंजे काढून एकमेकांवर चोळले. मग समोर बघतच म्हणाले, "फारच गारठतात. चाकणला पोचलो की बोटं वळत नाहीत. पेन धरता येत नाही."

"मग सांगितलं का नाहीत?"

"इतक्या लोकांना कारण सांगून बसलो होतो," ते म्हणाले.

मालगाडीचा शेवटचा डबा गेला. मी हसत होते आणि तेही हसत होते, आणि फाटकवाला कंदील घेऊन आमच्याकडे बघत होता. मी म्हटलं, "लोकर आणा. आतून घालायला स्वेटर विणते. बाह्यांचा."

"कुणाला दिसलं तर?"

"तर सांगा, मावळे घालायचे."

घरी पोचलो तेव्हा सासूबाई दारात होत्या. सून नवऱ्यामागे फटफटीवर, अंगात पुरुषाची बंडी, डोक्यावरचा पदर कुठल्या कुठे. मी उतरून मुकाट्याने उभी राहिले. त्यांनी माझे हात हातांत घेतले. "आगं आई, हे हात हाईत का दगड?" म्हणाल्या, आणि मला तशीच, बंडीसकट, उंबरा ओलांडून चुलीपाशी घेऊन गेल्या. चामड्याविषयी बोलल्या नाहीत. बहुधा त्यांच्या लक्षात आलं नसावं, किंवा आलंही असेल.

मंडळ त्यानंतर फार टिकलं नाही. मोशीच्या समारंभानंतर साहेबांना आठ दिवस ताप आला. बरे झाल्यावर त्यांनी मुंबईहून नवा कोट मागवला आणि तो पूर्ण बाह्यांचा होता. वाऱ्याच्या दाबाविषयी ते पुन्हा बोलले नाहीत. मिस्त्रींनी बंडीला बाजूने दोन मोठे खिसे शिवून घेतले, त्यात पाने आणि पक्कड ठेवायला, आणि गाडीखाली निजून काम करताना ती जमिनीवर अंथरायला लागले. त्यांना तिचा फार उपयोग झाला. मास्तरांनी पुढच्या वर्षी भजनी मंडळ काढलं. हे माझ्या हातचा करड्या लोकरीचा स्वेटर आतून घालून, वरून बंडी चढवून रोज चाकणला जात राहिले. स्वेटर सगळ्यांना दिसत होता. कुणी काही विचारलं नाही.

मोशीच्या समारंभानंतरचा तो पहिलाच रविवार असेल. दुपारी हे अंगणात गाडीला तेल देत होते. मी धान्य निवडत बसले होते. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "चाकणच्या बाजारात कांदा चांगला आलाय म्हणतात. येतेस?"

माळ्यावर दोन पोती कांदा होता. सासूबाई आत होत्या, त्यांनाही ते माहीत होतं. मी सूप खाली ठेवलं आणि म्हटलं, "थांबा, पदर खोचून येते."

आतून सासूबाई म्हणाल्या, "त्येवढा लसूनबी आना गं."